साठ तासांची गोधडी

दिवाळी उरकली की आत्याच्या अंगणात जुनेरं वाळत पडतात. लुगडी, धोतरं, मऊ पडलेले सदरे, जे हाताशी येईल ते धुऊन-वाळवून ती रंगांप्रमाणे ढीग लावते आणि ओट्यावर गोधडी घालून बसते. माण तालुक्यातलं आमचं गाव कमी पावसाचं. शाळू पेरून झाला की बायकांना थोडी उसंत मिळते. आत्याची उसंत सुईला जाते. तिला आता एकोणसत्तरावं सरलं. चाळीस वर्षं ती गावासाठी गोधड्या शिवते आहे.

मी पुण्यात असते. बायकांनी हातानं केलेल्या वस्तू सहा वर्षांपासून ऑनलाइन विकते. गेल्या दिवाळीनंतर चार दिवस आत्याकडे राहिले, ते तिच्या गोधड्या विक्रीला मागण्यासाठीच. हाताच्या कामाची किंमत कशी लावायची आणि कुणी लावायची, यावर ते चारही दिवस आमचं बोलणं चालू होतं. आठवलं तसं ते इथे मांडते आहे. हातानं काही करणारं माणूस ज्या घरात आहे, त्या प्रत्येक घरात हे बोलणं एकदा तरी व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

मी : ही गोधडी कितीला देणार, आत्या?

आत्या : सहाशेला. खालच्या आळीतल्या पोरीची आहे, तिच्या बाळासाठी. लुगडी तिच्या सासूची, दोराही तिनंच आणून दिला. माझं काय गेलं त्यात? नुसते हात चालले.

मी : नुसते हात कसे? किती दिवस लागतात एका गोधडीला?

आत्या : दिवस कोण मोजतं, बाई. सकाळचं शेणपाणी आवरलं की बसते, जेवून उठलं की बसते. पाठ भरून आली की सोडते. गोधडी आपली होते.

मी : या वेळी मी मोजते.

मी पिशवीतून टेप काढला. गोधडी पाच फूट रुंद, सात फूट लांब. खाली एक अख्खं लुगडं, वर एक अख्खं लुगडं, मधे जुनेरांचे चार थर. थर सरकू नयेत म्हणून कडा दुमडून आधी कच्चे टाके घातलेले. मग धावदोऱ्याच्या सरळ ओळी, दोन ओळींत इंचभर अंतर. म्हणजे ६० ओळी, प्रत्येक सात फुटांची. ४२० फूट शिवण. एका इंचातले टाके मोजले, तीन भरले. एका गोधडीत १५,१२० टाके.

मग एका ओळीला घड्याळ लावलं. दोरा ओवायचा, गाठ मारायची, सहा थरांतून सुई खाली घालून वर काढायची, अंगुस्तान सरकलं की पुन्हा बसवायचं, मधेच मांडी बदलायची. सगळं धरून पन्नास मिनिटं लागली. ६० ओळींचे ५० तास झाले. धुणं, उसवणं, थर लावणं, कडा दुमडणं यांचे आणखी दहा. एक गोधडी म्हणजे ६० तास, आणि त्याचे सहाशे रुपये. तासाला दहा. मी वही तिच्यापुढे धरली.

आत्या : गणित बरोबर असेल तुझं. पण तू घड्याळ लावलंस ती ओळ बघ. शेजारच्या ओळीपेक्षा टाका लांब पडलाय. तू बघत बसलीस म्हणून हात पळाला. आज एका ओळीत पळाला, उद्या सगळ्या गोधडीत पळेल. टाका लांब पडला की दोन पावसाळ्यांत भरण गोळा होतं. मग बोल कुणाला लागणार?

मी : हात पळतो तो दर कमी असल्यावर. सहाशेत पोट भरत नाही, म्हणून महिन्याला एकीच्या जागी दोन गोधड्या उरकाव्या लागतात. तासाचे धड पैसे मिळाले तर तुला पळायचं कारणच उरणार नाही.

आत्या : पळायचं कारण मला आजही नाही. माझं पोट गोधडीवर नाही, शेतावर आहे.

मी : तुझं नाही. पण तू सहाशे घेतेस म्हणून वरच्या वाडीतल्या विधवा बाईलाही सहाशेच मिळतात. तिला शेत नाही.

आत्या बराच वेळ बोलली नाही. सुई चालू होती. मी तिला एक जुनी गोष्ट विचारली.

मी : बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडायला जात होतीस ना?

आत्या : सोळा वर्षांची होते. तळहाताला फोड आलेले. सुकडी मिळायची, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. मुकादम ढिगाला पट्टी लावून मोजायचा, मग मस्टरावर लिहायचा. ढीग पोकळ रचला तर लाथ मारून पाडायचा.

मी : म्हणजे तुझ्या खडीला माप होतं. त्याच दुष्काळी कामांतून पुढे १९७७ साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा आला. सोळा वर्षांच्या पोरीनं फोडलेल्या दगडाला माप आणि दर मिळाला, आणि चाळीस वर्षं बसलेल्या या हाताला मिळू नये?

आत्या : खडी सरकारला द्यायची होती. सरकार काय, अनोळखीच. अनोळख्याला माप लावावं लागतं. खालच्या आळीतली पोर अनोळखी नाही. माझ्या गुडघ्याचं झालं तेव्हा तिच्या सासूनं आठ दिवस डबा आणून दिला. तिला मी तासांचा हिशेब सांगू?

मी : नको सांगूस. पण पुण्यातली बाई अनोळखीच आहे. तिच्याशी ना डब्याचं नातं, ना हळदीकुंकवाचं. मग तिलाही सहाशेचा भाव का? तुझ्याच न्यायानं तिला माप लागू होतं.

आत्या : ते खरं.

ते दोन शब्द मी वहीत लिहून ठेवले. इतकी वर्षं मी सगळ्यांना एकच सांगत होते की हाताच्या कामाला एक दर असावा. माप अनोळख्यासाठी असतं, हे मला आत्याकडून कळलं.

मी : मग अनोळख्याचा दर काढू. रोजगार हमीवर २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये ठरले. ६० तास म्हणजे आठ तासांचे साडेसात दिवस. त्याचे २,३४० रुपये. ही काही कसबाची किंमत नव्हे. मातीकाम करणाऱ्या माणसाच्या पुऱ्या दिवसाला सरकारनं ठरवलेला आकडा आहे. आपण याच्या खाली जायचं नाही, एवढंच मी म्हणते.

आत्या : आणि एवढे कोण देईल? परवा सून मोबाइलवर दाखवत होती. नऊशे रुपयांना गोधडी, वर "हँडमेड" लिहिलेलं. ठिगळांची नक्षी अगदी आपल्यासारखी.

मी : ती नक्षी छापलेली असते. कापडावर ठिगळं छापतात, आत कापसासारखं कृत्रिम भरण घालतात आणि यंत्रावर शिवतात. ओळखायचं असेल तर गोधडी उलटी करायची. यंत्राची शिवण दोन्ही बाजूंना सलग रेघेसारखी दिसते, टाक्याला टाका चिकटलेला. तुझा धावदोरा बघ. टाका, मग रिकामी जागा, मग टाका. वर टाका असेल तिथे खाली जागा. आणि कुठलेही दोन टाके तंतोतंत सारखे नाहीत.

आत्या : हे तुला-मला कळतं. मोबाइलवर बघणाऱ्या बाईला गोधडी उलटी कशी करता येणार?

मी : ती आपण करून दाखवायची. मागच्या बाजूचा फोटो, इंचपट्टी ठेवून टाक्यांचा फोटो, तास किती लागले, थर किती, लुगडी कुणाची, हे लिहायचं. ऑनलाइन विकणारे बहुतेक जण गोधडी खाटेवर टाकून, शेजारी चहाचा कप ठेवून फोटो काढतात. त्या फोटोत नऊशेची आणि तुझी सारखीच दिसते. मग घेणारी नऊशेचीच घेणार, तिचा काय दोष? मोजमाप दिसलं की दोन्हींतला फरक तिचा तिला कळतो.

आत्या : बरं, दुकानदार किती कापून घेतो?

मी : मी ज्या संकेतस्थळावर विकते ते शंभराला वीस घेतं. इथे बायका हमखास चुकतात. तुझी मजुरी २,३४०, दोरा-सुया-साबण २४०, पेटी आणि बांधणी १००. एकूण २,६८०. बाई काय करते, यात वीस टक्के मिळवते आणि ३,२१६ किंमत लावते. पण दुकानदार वीस टक्के कापतो ते विक्रीच्या किमतीवर. ६४३ जातात, हातात २,५७३ राहतात. १०७ रुपये स्वतःच्या मजुरीतून गेले आणि कळलंही नाही. बरोबर किंमत काढायची तर २,६८० ला ०.८ नं भागायचं. ३,३५० येतात. त्यातले ६७० तो घेतो, आपले २,६८० आपल्याला मिळतात.

आत्या : आणि पाठवायचा खर्च?

मी : तो गिऱ्हाइकाकडून वेगळा. पण त्यातही खाच आहे. गोधडी तीन किलोची, पण खासगी कुरिअरवाले पेटीचा आकारही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० नं भागायचं. येईल ते आणि खरं वजन, यांत जास्त असेल ते धरतात. ४५ बाय ३५ बाय २५ ची पेटी असली तर तीन किलोच्या गोधडीला जवळजवळ आठ किलोचे पैसे. तीच गोधडी दाबून, दोरीनं आवळून १२ सेंटिमीटर उंचीच्या पेटीत बसवली तर पावणेचार किलो.

आत्या : तुला हे सगळं शिकायला किती वर्षं लागली?

मी : चार-पाच. बराच तोटा करून शिकले.

आत्या : मग ते तास कुठे धरलेस? गोधडीला माझे साठ तास लिहिलेस. फोटो काढायचे, लिहायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, पेटी बांधून टपालात टाकायची, याचे तुझे तास कुणी लिहायचे?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त शिवणाऱ्या हाताचे तास मोजत आले होते. विकणाऱ्या हाताचे तास मीही आत्यासारखेच फुकट धरले होते. त्या रात्री बसून मोजले, एका गोधडीमागे चार तास निघाले. किमतीत ते धरायलाच हवेत, आणि ते धरले की ३,३५० चा आकडाही वर जातो. ऑनलाइन विक्री घरबसल्या होते असं म्हणतात, पण त्या घरबसल्या कामालाही दिवसाचे तास जातात.

दुसऱ्या दिवशी आत्यानं स्वतःहून विषय काढला.

आत्या : किमतीचं पटलं मला. पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी तू नवं कापड घेऊन आलीस. सहा गोधड्या, सगळ्या एकसारख्या हव्यात म्हणालीस. आठवतं?

मी : आठवतं. शहरातल्या एका दुकानाची ऑर्डर होती.

आत्या : नव्या कापडाला खळ असते, सुई अडते. शिवून झाली तरी गोधडी फळीसारखी ताठ. जुनेरं का घेतो आपण? वीस वर्षं अंगावर राहून, दगडावर आपटून आपटून सूत मऊ झालेलं असतं. तो मऊपणा दुकानात मिळत नाही, तो कुणाच्या तरी अंगानं आणलेला असतो. आणि एकसारखी कशी करायची? सासूबाईंचं हिरवं लुगडं एकच होतं. त्या सहातल्या तीन परत आल्या ना तुझ्याकडे?

मी : आल्या. रंग फोटोसारखा नाही, म्हणून.

आत्या : गोधडीचा रंग कुणासारखा असतो? तुला सांगते, माझ्या सासूबाई गोधडीच्या मधोमध पोळीचा तुकडा घालून वर शिवायच्या. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. जिच्या अंगावर जाणार ती आपली म्हणून हे सुचायचं. ज्या बाईला वापरलेलं कापड नको, डाग नको, वास नको, तिला गोधडी नकोच आहे. तिला रजई हवी आहे. तिनं रजई घ्यावी. तुझ्या तीन हजारांसाठी मी गोधडीची रजई करणार नाही.

मी : पण सगळ्या शहरी बायका तशा नसतात, आत्या. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे, नदीच्या वळणातलं. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांची वस्ती. तिथल्या बायका शेतावर घातलेल्या, फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडी भागवायला. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, तिथून न्यूयॉर्कला गेलं. २००६ साली त्या गोधड्यांची टपाल तिकिटं निघाली. ज्या जुनेरांना इथे लोक नाक मुरडतात, ती तिथे चित्रासारखी भिंतीवर लागली.

आत्या : आणि त्या बायकांना काय मिळालं?

मी : तोच वाद झाला. नाव खूप झालं, पण आम्हाला काय मिळालं असं म्हणत काही जणी कोर्टातही गेल्या. २०२१ साली मात्र त्यांच्यातल्या नऊ जणींनी इंटरनेटवर स्वतःच्या नावाची दुकानं उघडली. गोधडी त्यांची, नाव त्यांचं, किंमत त्यांनी ठरवलेली. मी ऑनलाइन म्हणते ते यासाठी. दुसऱ्या कुणी आपल्या गोधडीची किंमत ठरवायच्या आत ती आपण ठरवावी.

आत्या : त्यांनी दुकान उघडलं त्या जागेचा मालक कोण?

मी : एट्सी नावाची कंपनी.

आत्या : म्हणजे जागा भाड्याचीच. उद्या भाडं वाढवलं तर?

मी : वाढवलंच. २०२२ च्या एप्रिलमध्ये पाच टक्क्यांचं साडेसहा केलं. हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली. भाडं काही कमी झालं नाही.

आत्या : मग सगळे आंबे एकाच आढीत घालू नकोस.

मी : नाही घालणार. गिऱ्हाइकाचा नंबर-पत्ता आपल्या वहीत हवा, संकेतस्थळाच्या वहीत नव्हे. पहिली गोधडी संकेतस्थळावरून गेली तरी दुसरी थेट आपल्याकडून जावी. मुंबईला दरवर्षी महालक्ष्मी सरस भरतं, तिथे बचतगटाच्या बायका समोरासमोर विकतात. तेही सोडायचं नाही. तिथे गिऱ्हाइकाला गोधडी उलटी करून बघता येते.

आत्या : आणि नावाचं म्हणशील तर नावाचा एवढा उपयोग असतो का? कोल्हापुरी चपलेला सरकारी शिक्का मिळाला ना?

मी : भौगोलिक मानांकन, २०१९ साली. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून.

आत्या : मग परवा ती परदेशी कंपनी?

मी : प्राडा. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला त्यांनी तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इकडून ओरड झाल्यावर मान्य केलं. बघ, मानांकन होतं म्हणून ओरडायला निदान जागा होती. गोधडीला तेवढीही नाही. आणि मानांकनानं कोल्हापूरचं नाव राखलं, तरी चप्पल कुठल्या घरातल्या माणसानं शिवली हे त्यावर लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच लिहावं लागतं. तुझ्या गोधडीसोबत चिठ्ठी जाईल, तुझ्या हातची. तुला चालत असेल तरच नाव घालायचं.

आत्या : नाव घाल. पण रजई शिवणार नाही.

इथे आम्ही अडलो. मला गोधडी विकायची होती आणि आत्याला ती अनोळख्या बाईसाठी शिवायची नव्हती. वाट तिनंच काढली, तिसऱ्या दिवशी, भाकरी थापता थापता.

आत्या : तुझ्या त्या पुण्या-मुंबईच्या बायकांच्या आया नऊवारी नेसत होत्या का गं?

मी : कितीतरी जणींच्या. नाहीतर सुती पाचवारी तरी. आई गेली की त्या साड्या कपाटात पडून असतात. टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत.

आत्या : मग त्या साड्या मागव. ज्या बाईला आपल्या आईच्या साड्यांची गोधडी हवी, तिची मी शिवीन. एक एक. कोणती साडी वर घ्यायची, कोणती आत, तिला फोन करून विचारीन. काठ कुठे यायला हवा तेही विचारीन. म्हणजे ती माझ्या ओळखीची झाली आणि गोधडीला तिचं माणूस मिळालं. तिच्याकडून तू तुझा दर घे. पुरा घे.

मी : आणि ती परत पाठवणार नाही.

आत्या : आईच्या साड्यांची गोधडी कोण परत पाठवतं?

सहा वर्षांत मी विक्रीबद्दल जे शिकले, त्याहून या एका वाक्यात जास्त होतं. मी तासांवरून खालची किंमत काढत होते. वरची किंमत जुनेरांत होती आणि ती आत्याला दिसली. मात्र तासांची किंमत आधी पक्की नसती, तर आईच्या साड्या पाठवणाऱ्या बाईकडूनही आत्यानं सहाशेच घेतले असते.

मी : फक्त रेशमी साड्या आल्या तर?

आत्या : जुनं रेशीम धावदोऱ्यानं फाटू शकतं. वर एखादा काठ लावता येईल, बाकी आत सुतीच. तसं आधीच लिहून टाक. खोटं सांगून गोधडी जात नाही.

मी : आणि सुरुवातीला फक्त महाराष्ट्रात विकू. पूर्वी संकेतस्थळावरून माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून जीएसटीची नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर, आपल्याच राज्यात तशा नोंदणीशिवाय विकता येतं. पॅनवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, तेवढंच. वरच्या वाडीतल्या बाईलाही हे जमेल.

आत्या : तिला मी शिकवते. टाका तिचा माझ्यापेक्षा बारीक आहे. पण दर दोघींना एकच लाव. मी म्हातारी म्हणून मला जास्त नको.

मी : लावते. माझंही एक ऐकशील?

आत्या : काय?

मी : खालच्या आळीतल्या पोरीकडून तू सहाशेच घे. नाही घेतलेस तरी चालेल. पण वहीत पुरे लिही. ६० तास, २,३४० रुपये. त्यातले घेतले किती आणि सोडले किती.

आत्या : सोडलेले कशाला लिहायचे? दिलेलं लिहू नये.

मी : लिहिलं नाहीस तर ते दिलंस हे तुलाही कळत नाही आणि घरालाही कळत नाही. तुझ्या सुनेला वाटतं आत्याबाई ओट्यावर बसून वेळ घालवतात. तुझ्या लेकाला वाटतं आई सहाशेचं काम करते. तू दर वर्षी गावाला किती देतेस, ते एकदा आकड्यात दिसू दे. मग मनापासून दे, कुणी अडवणार नाही.

आत्यानं उत्तर दिलं नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. चौथ्या दिवशी मी निघाले तेव्हा तिनं माझ्याकडून ती वही मागून घेतली.

वाचकांना, विशेषतः हातानं केलेल्या वस्तू आवडीनं घेणाऱ्यांना, एक विनंती आहे. "किती कमी कराल?" असं विचारण्याआधी "किती तास लागले?" असं विचारा. उत्तर ऐकून किंमत जास्त वाटली तर वस्तू घेऊ नका, त्यात काही वाईट नाही. पण घासाघीस करून खाली आणलेला प्रत्येक रुपया दोऱ्यातून किंवा कुरिअरातून जात नाही, तो मजुरीतूनच जातो. आणि हातानं काही करून विकणाऱ्या बहिणींना एवढंच सांगते की नातेवाइकांना, मैत्रिणींना, गरजवंताला खुशाल कमी घ्या, फुकट द्या. फक्त आधी पुरं मोजा.

आत्या चौथी शिकलेली आहे. अक्षर मोठं आणि ठसठशीत. संक्रांतीनंतर गेले तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तिनं लिहिलेलं होतं :

"खालची आळी. लुगडी दोन, जुनेरं चार थर. ६० तास. २,३४० झाले. ६०० घेतले. १,७४० माझ्याकडून बाळाला."